कोंबड्याचा तुरा आणि कोंबड्याचें रक्त

इ. स. १८४९ सालीं जर्मनींत गटिंगेन येथें आर्नोल्ड बर्टोल्ड या शरीरशास्त्रज्ञानें सहा कोवळे कोंबडे घेतले. कांहींचे वृषण त्यानें अजिबात काढून टाकले. त्यांचे तुरे खुरटले, आरवणें गेलें, झुंजीची खुमखुमीही गेली. इतरांच्या पोटांत मात्र वृषण पुन्हा रोवून ठेवला. मज्जातंतूंचा मूळचा संबंध तुटला होता. तरी हे कोंबडे ऐटींत आरवूं लागले. तेव्हां वृषणाचा संदेश रक्तांतूनच जात असला पाहिजे, असें बर्टोल्डनें अनुमान काढलें. निबंध अवघ्या चार-पांच पानांचा. पन्नासएक वर्षें त्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं.

बर्टोल्डच्या दृष्टीनें रक्त म्हणजे केवळ टपालवाला. एखादें पत्र खुद्द टपालवाल्याच्याच नांवाचें असेल, ही शंका तेव्हां कोणास यावी? १९३० सालीं मेरी जून आणि लिंकन डॉम या शिकागोच्या संशोधकांनीं कोंबड्यांचे तांबडे रक्तकण मोजले. एका घन मिलिमीटरांत नराचे ३० लाखांच्या वर, मादीचे कांहीं लाखांनीं कमी. आणि वृषण काढलेल्या नराचा आंकडा थेट मादीच्या आंकड्याजवळ येऊन टेकला!

स्त्रियांचें रक्त पुरुषांहून फिकें असतें, याचें खापर सरसकट मासिक स्रावावर फोडण्यांत येतें. त्यानें लोह खर्च होतें हें खरें. परंतु कोंबडीस कोठें मासिक स्राव असतो?

१९३५ सालीं ॲमस्टरडॅम येथें लाकर यांच्या प्रयोगशाळेंत वळूंच्या सुमारें १०० किलो वृषणांतून टेस्टोस्टेरोन निघालें तें अवघें १० मिलिग्रॅम. पुढें तें कृत्रिम रीतीनें तयार होऊं लागलें, आणि वृषणहीन उंदरांस तें टोंचतांच त्यांचें उतरलेलें रक्त पुन्हा वर चढलें. आज त्याची रीतही कळली आहे. टेस्टोस्टेरोनमुळें मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन अधिक स्रवतें व अस्थिमज्जा जोमानें रक्तकण घडविते. शिवाय लोह अडवून धरणारें यकृतांतील हेप्सिडिन कमी होतें.

इस्ट्रोजेनचा अतिरेक याच्या उलट. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या मादीस नर न मिळाल्यास तिचा माज महिनोन्‌महिने उतरत नाहीं. अस्थिमज्जा निकामी होऊन ती पांडुरोगानें मरते.

१९५९ सालीं बोस्टनच्या वैद्यांनीं अस्थिमज्जा खालावलेल्या मुलांवर टेस्टोस्टेरोनचा उपचार प्रसिद्ध केला. कित्येकांचें रक्त सुधारलें. मात्र अशा औषधानें मुलींच्याही ओठांवर लव येते, आवाज घोगरा होतो. रक्तास पाठविलेलें पत्र तुऱ्यासही पोंचतेंच.