उंच प्रदेश, रस्ता आणि ‘स्थळ’ ही संज्ञा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅलिफोर्निया राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, क्लॅमथ नदीच्या खोऱ्यालगत सिस्कियू पर्वताचा उंच प्रदेश आहे. त्यातून सहा मैलांचा एक रस्ता न्यावा की नेऊ नये, ह्या प्रश्नावर १९८८ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. धर्मस्वातंत्र्याच्या दृष्टीने ह्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात त्याकडे निराळ्या अंगाने पाहावयाचे आहे. एखाद्या जमातीला पवित्र असलेला भूप्रदेश सरकारी जमिनीत मोडत असेल, तर त्याच्या रक्षणाचा प्रश्न पुष्कळ अंशी शब्दांचा प्रश्न होऊन बसतो, असे ह्या प्रकरणावरून दिसते.

ह्या प्रदेशाशी युरोक, कारुक व टोलोवा ह्या तीन आदिवासी जमातींचा पूर्वापार संबंध आहे. त्यांच्या भाषा परस्परांस परक्या आहेत. युरोक भाषेचे दूरच्या अल्गाँक्वियन भाषांशी नाते असल्याचे एडवर्ड सपीर ह्यांनी १९१३ मध्ये मांडले व त्यावरील दीर्घ वादाचा शेवट मेरी हास ह्यांनी १९५८ मध्ये केला. टोलोवा ही अथाबास्कन कुळातील; कारुकचा निर्विवाद आप्त तर अद्याप सापडलेला नाही. असे असूनही ह्या जमातींचा आचार पुष्कळसा समान आहे. जगाची घडी पुन्हा नीट बसावी म्हणून नदीकाठी जे नृत्यविधी होतात, त्यांना लागणारे सामर्थ्य वरच्या उंच प्रदेशातून आणावे लागते, अशी तेथील श्रद्धा आहे. चिमनी रॉक, डॉक्टर रॉक इत्यादी शिखरांवर एकांतात प्रार्थना करावयाची, तेथे शांतता व अभंग निसर्ग हवा, असा संकेत आहे.

येथे भाषेची एक साक्ष लक्षात घेण्याजोगी आहे. ह्या नदीकाठी दिशा सूर्यावरून नव्हे, तर प्रवाहावरून सांगतात. ‘कारुक’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगास. आणि ‘युरोक’ हे नाव ज्या कारुक शब्दावरून आले त्याचा अर्थ खालच्या अंगास. म्हणजे जमातींची रूढ नावेदेखील मुळात दिशावाचकच होत. एवढ्यावरून श्रद्धेचे स्वरूप सिद्ध होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु जेथे ठिकाण हे नदी, चढण आणि वाट ह्यांच्या संबंधानेच ओळखले जाते, तेथे एकटे शिखर वेगळे काढून ‘हे पवित्र, बाकीचे नव्हे’ असे म्हणणे किती कृत्रिम आहे, हे त्यावरून ध्यानी येते. आपल्याकडील ‘देवराई’ हा शब्दही येथे पुरा पडत नाही. देवराईला सीमा असते.

ही भूमी सरकारची कशी झाली? १८५१ मध्ये क्लॅमथकाठच्या जमातींशी सरकारी प्रतिनिधींनी करार केले. कॅलिफोर्नियातील असे एकूण अठरा करार सिनेटने १८५२ मध्ये नामंजूर केले व त्यांचे कागद १९०५ पर्यंत गुप्त राहिले. पुढे डोंगराळ भाग राष्ट्रीय वनांत गेला. १९४७ मध्ये तेथे ‘सिक्स रिव्हर्स’ हे वन निर्माण झाले. इंग्रजीत अशा जमिनीस ‘सार्वजनिक’ म्हणतात. मराठीत ‘सरकारी’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द निराळे आहेत, आणि हा भेद ह्या प्रकरणात फार उपयोगी पडतो.

गॅस्की व ऑर्लीन्स ही गावे जोडणारा पाऊणशे मैलांचा रस्ता वनखात्याने बांधावयास घेतला होता. त्यातील सहा मैल चिमनी रॉकच्या परिसरातून जाणार होते. खात्यानेच करविलेल्या १९७९ च्या अभ्यासात हा सबंध परिसर आदिवासींच्या धर्माचरणास अनिवार्य असून रस्ता करू नये, असे सांगितले होते. तथापि १९८२ मध्ये खात्याने रस्त्याचा निर्णय घेतला. ज्ञात स्थळांपासून रस्ता शक्य तितका दूर ठेवला, आणि लाकूडतोडीच्या योजनेत अशा प्रत्येक स्थळाभोवती अर्ध्या मैलाचे संरक्षित वर्तुळ आखले. जमाती परिसराविषयी बोलत होत्या, खाते बिंदूंविषयी. मतभेदाचे मूळ येथे आहे.

खालच्या न्यायालयांनी रस्त्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ती उठविली. रस्त्यामुळे आदिवासींच्या धर्माचरणाची अपरिमित हानी होईल, हे बहुमताच्या वतीने लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ओकॉनर ह्यांनी गृहीत धरले. परंतु सरकार कोणावर धर्माविरुद्ध वागण्याची सक्ती करीत नाही, आणि जमीन अखेर सरकारचीच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे ‘सार्वजनिक’ हा शब्द गळून पडला व ‘सरकारी’ तेवढा उरला. आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याविषयीचा १९७८ चा कायदाही उपयोगी पडला नाही. त्यातून बजावता येईल असा हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

एवढे होऊनही रस्ता झाला नाही. १९८४ च्या कायद्याने हा प्रदेश रस्ते व बांधकाम निषिद्ध असलेल्या अरण्यवर्गात घातला होता. रस्त्यापुरती १२०० फूट रुंदीची पट्टी मात्र मोकळी ठेवली होती. १९९० मध्ये काँग्रेसने ती पट्टीही मिटविली. पर्वत वाचला, पण तो ‘अरण्य’ म्हणून.

ह्याच्या शेजारी न्यू मेक्सिकोतील ताओस पुएब्लोचे उदाहरण ठेवावे. तिवा भाषा बोलणाऱ्या ह्या समाजाचे पवित्र ब्लू लेक सरोवर १९०६ मध्ये राखीव वनात गेले. पुढे दावेआयोगाने १९६५ मध्ये ही जमीन मोबदल्याविना घेतली गेल्याचा निर्णय दिला. परंतु समाजाला पैसा नको होता, सरोवर हवे होते. १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी कायद्यावर सही केली व सुमारे ४८,००० एकर भूमी त्या समाजासाठी विश्वस्त म्हणून धारण करण्यात आली. सरोवराबरोबर त्याचे सबंध पाणलोटही परत आले, ही गोष्ट महत्त्वाची. तेथे प्रथम मालकी बदलली आणि मग धर्माचरणास कायद्यात जागा मिळाली.

१९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी सरकारी जमिनीवरील पवित्र स्थळांच्या रक्षणाचा आदेश काढला. त्याचा हेतू उदार होता. तथापि त्यातील व्याख्येप्रमाणे पवित्र स्थळ हे विशिष्ट, सुटे व काटेकोर सीमांनी आखलेले असले पाहिजे. अर्ध्या मैलाच्या वर्तुळाचीच ही पुढची पायरी होय. ॲरिझोनातील ओक फ्लॅट ही अपाची लोकांची पवित्र भूमी तांब्याच्या खाणीसाठी अदलाबदलीने देण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला. त्याविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयाने २०२४ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी १९८८ च्याच निर्णयाचा आधार घेतला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला.

तात्पर्य, ज्या शब्दाखाली भूमी राखली जाते, त्या शब्दाइतकेच तिचे रक्षण टिकाऊ असते. ‘अरण्य’ म्हणून राखलेला पर्वत अरण्याच्या व्याख्येवर अवलंबून राहतो, आणि ‘स्थळ’ म्हणून राखलेले शिखर आपल्या वाटेपासून तुटते. क्लॅमथकाठच्या लोकांची मागणी शिखराची नव्हती. नदीपासून शिखरापर्यंतची वाट, तिच्यावरील शांततेसह, त्यांना हवी होती. आणि तिच्यासाठी कायद्याच्या भाषेत त्या वेळी शब्द नव्हता.