मत्स्यालय, औद्योगिक वास्तूतील
बंद पडलेल्या कारखान्याच्या जुन्या इमारतीत उभारलेले सार्वजनिक मत्स्यालय. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय (१९५१) यात मोडत नाही. ते त्याच कामासाठी बांधलेले होते. सर्वांत गाजलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील माँटेरे बे मत्स्यालयाचे. तेथील समुद्रातले सार्डिन मासे घटत गेले आणि १९१६ पासूनचा हॉवडेन मासळी-डबाबंदी कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. त्या जागी पॅकार्ड कुटुंबाच्या देणगीतून १९८४ मध्ये मत्स्यालय उघडले. बराच भाग पाडून नव्याने बांधला गेला, बॉयलरची खोली मात्र जपली. त्यामुळे याला रूपांतर म्हणणे अर्धेच खरे. अमेरिकेतीलच नॉर्वॉकचे मत्स्यालय (१९८८) एकोणिसाव्या शतकातील लोखंडकामाच्या कारखान्यात आहे.

अशा रूपांतरातली मुख्य अडचण वजनाची. एक घनमीटर पाणी एक टन भरते, म्हणून मोठ्या टाक्यांना स्वतंत्र पाया लागतो. शिवाय खाऱ्या दमटपणाने जुने लोखंड गंजते. वजनाची अडचण सोपी होईल अशी जागा म्हणजे उदाहरणार्थ वाशीम जिल्ह्यातील कारंजा, ही कापसाची जुनी पेठ. तिथल्यासारख्या जिनिंग-प्रेसिंगच्या एकमजली वास्तूत टाक्यांचा पाया थेट जमिनीत घालता येईल. समुद्र दूर असल्याने अडाण-पैनगंगेतले गोड्या पाण्याचे मासेच तिथे सोयीचे.