डोळ्याला न दिसलेले तारे

मागच्या वेळी आपण प्रत्यक्ष प्रमाणापाशी थांबलो होतो. नैयायिकांच्या मते इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून प्रत्यक्ष ज्ञान होतं. या व्याख्येला अडचणीत टाकणारी दोन हौशी माणसं आज आपण पाहू.

पहिले अँड्र्यू कॉमन, पेशाने इंजिनिअर. १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंगमध्ये, घराच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. डोळा प्रकाश साठवत नाही. फोटोची काच मिनिटामागून मिनिट साठवत जाते. त्यामुळे दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे काचेवर उमटले. मग ते ‘पाहिले’ कोणी?

दुसरे आयझॅक रॉबर्ट्स, बांधकाम व्यावसायिक. डिसेंबर १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळ त्यांनी देवयानीचा फोटो घेतला. डोळ्याला धूसर ढगासारख्या वाटणाऱ्या त्या वस्तूचे सर्पिल वळसे त्यात दिसले. रॉबर्ट्सना वाटलं, ही जन्माला येणारी सूर्यमाला! तेजोमेघातून सूर्यमाला घडते हा लाप्लासचा सिद्धान्त मनात आधीच होता ना. पुढे १९२३ मध्ये हबल यांना देवयानीत सेफीड तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आलं आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

म्हणजे काच खरी होती, अनुमान चुकलं. आज गच्चीवर रात्रभर डिजिटल कॅमेरा लावून बसणाऱ्या हौशी मंडळींचे फोटो आपण कौतुकाने पाहतो. ते पाहतानाही उमटलं किती आणि आपण त्यात वाचलं किती, हे वेगळं ठेवायला हवं.