बोट लावताच लिहिणारा फळा

स्मार्ट बोर्ड हा संगणकाचा पडदा आणि वर्गातला फळा यांचा संकर आहे. पडद्यावरच्या नकाशावर बोटाने किंवा पेनाने नदी काढता येते, ती पुसता येते, साठवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडता येते. शाळांमध्ये तो रुळला असला, तरी जन्माला आला कचेरीत. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने १९९०च्या सुमारास तयार केलेला ‘लाइव्हबोर्ड’ बैठकांसाठी होता. मागून प्रकाश टाकणारे ते अवजड पेटाऱ्यासारखे यंत्र होते. डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन यांनी १९८७ मध्ये कॅनडातील कॅलगरीत स्मार्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. तिचा पहिला ‘स्मार्ट बोर्ड’ १९९१ मध्ये आला. आपल्याकडे आता कुठल्याही कंपनीच्या अशा फळ्याला तेच नाव पडले आहे.

फळ्याचे कूळ त्याहून खूप जुने. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुले वाळूत लिहिताना पाहिली आणि आपल्या शाळेत तीच रीत घेतली. पाटी मात्र एकट्या मुलाची. सगळ्या वर्गाची नजर एका जागी आणणारा भिंतीवरचा काळा फळा एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. एडिंबरोचे शिक्षक जेम्स पिलन्स रंगीत खडूंनी त्यावर भूगोल शिकवत. प्रोजेक्टर आला तेव्हा चित्र मोठे आणि तयार मिळाले, पण शिक्षकाचा लिहिता हात थांबला. स्मार्ट बोर्डाने तो हात परत मिळवून दिला, आणि त्याचे खरे नवेपण एवढेच आहे.

सुरुवातीच्या बोर्डात दोन पातळ थर किंचित अंतर ठेवून बसवलेले असत. बोटाने दाबले की ते एकमेकांना टेकत, विजेच्या दाबावरून जागा ठरे आणि संगणक तो स्पर्श माऊसच्या क्लिकसारखा घेई. दुसऱ्या प्रकारात फळ्यामागे तारांची जाळी आणि खास पेन असे. तिसऱ्यात कोपऱ्यांतले कॅमेरे बोट टिपत. चित्र आणि स्पर्श यांचा मेळ बसवण्यासाठी आधी पडद्यावरच्या ठरावीक खुणांना बोट लावावे लागे. छताला टांगलेला प्रोजेक्टर जरासा हलला, की रेघ बोटाच्या शेजारी चारेक बोटे सरकून उमटे. शिवाय लिहिणाऱ्याची सावली नेमकी लिहिण्यावरच पडे. फळ्याच्या डोक्यावरूनच चित्र टाकणारे प्रोजेक्टर आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला.

किंमत ही मोठी अडचण होती. डिसेंबर २००७ मध्ये जॉनी ली या अमेरिकन संशोधकाने व्हिडिओ गेमच्या वी रिमोटमधला इन्फ्रारेड कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिव्याचे पेन वापरून तेच काम अगदी थोडक्या पैशांत करून दाखवले. खर्च केला म्हणजे निकाल सुधारतो असेही नाही: लंडनच्या माध्यमिक शाळांत सरकारी पैशाने बसवलेल्या बोर्डांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पहिल्या वर्षात गुणांवर परिणाम झाल्याचे त्यात दिसले नाही.

भारतात सरकारी योजनांची नावेच हा प्रवास सांगतात. १९८७च्या ‘ऑपरेशन ब्लॅकबोर्ड’ने, म्हणजे महाराष्ट्रातल्या खडू-फळा योजनेने, प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह आवश्यक साहित्य द्यायचे ठरवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर केले. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांनी त्याआधीच वाट धरली होती. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड या शिक्षकामुळे डिजिटल शाळा म्हणून गाजली, आणि २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि मोठे टीव्ही आले. वर्गणीने यंत्र मिळते. पुढचे वीजबिल आणि दुरुस्ती मात्र शाळेच्याच माथी येते.

आता प्रोजेक्टरची जागा सपाट पॅनल घेत आहे. त्यात संगणक आतच असतो, सावली पडत नाही, खुणा जुळवाव्या लागत नाहीत आणि एकाच वेळी अनेक मुलांना लिहिता येते. पण पाऊणशे इंची पॅनलही भिंतभर फळ्याच्या मानाने लहानच. त्यावरचा धडा शेवटच्या बाकावरून वाचता यावा, तर अक्षर मोठे आणि मजकूर थोडा ठेवावा लागतो.