बुडालेल्या द्वारकेची नऊ हजार वर्षे आली कोठून?

अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, अशी वऱ्हाडाची परंपरा सांगते. तिचे माहेर कौंडिण्यपूर, तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी. आषाढीसाठी तिची पालखी तेथून आजही पंढरपुरास जाते. सासर मात्र दूर, समुद्रात. म्हणूनच ‘समुद्रतळाशी नऊ हजार वर्षांपूर्वीची द्वारका सापडली, जगाशी व्यापार करणारे ते बेटावरचे महाराज्य होते’ असा संदेश आला की वऱ्हाडी मन जरा अधिकच सुखावते. जावयाचे घर ना!

या धाग्यात त्या नऊ हजार वर्षांचा माग काढू.

हा आकडा द्वारकेचा नाहीच. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेला खंभातच्या आखातात ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत तळाशी चौकोनी आकृत्या दिसल्या होत्या. तेथून गाळ उपसून काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता. त्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले आणि जानेवारी 2002 मध्ये ते जाहीर झाले. आता नकाशा उघडा. खंभातचे आखात सौराष्ट्राच्या पूर्वेस, द्वारका पश्चिम टोकाला; मध्ये अख्खे द्वीपकल्प. शिवाय त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण असून नद्या सतत गाळ आणतात. अशा ठिकाणी उपसून काढलेले लाकूड फार तर झाडाचे वय सांगेल. नगराचे वय ठरवायचे तर ते लाकूड एखाद्या भिंतीशी, चुलीशी, वस्तीच्या थराशी जोडलेले मिळावे लागते. तसे ते मिळालेले नाही. पुढे कोणीतरी खंभातचा आकडा उचलून द्वारकेच्या छायाचित्राखाली चिकटवला आणि ‘इतिहास’ तयार झाला.

मग द्वारकेत काय मिळाले? पुष्कळ, आणि ते अधिक रंजक आहे. 1963 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने द्वारकाधीश मंदिराजवळ उत्खनन केले. तेथील सर्वांत खालची वस्ती निघाली इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची. 1983 पासून डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शोध घेतला. घडीव दगड, बांधकामांचे अवशेष आणि भोके पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. राव यांनी हे सारे महाभारतातील द्वारकेशी जोडले. नंतरच्या संशोधकांनी याच धर्तीचे नांगर किनाऱ्यावर इतरत्रही पाहिले, आणि ते मध्ययुगापर्यंत वापरात होते असे दिसले. दगडावर काळ लिहिलेला नसतो, ही पाण्याखालच्या पुरातत्त्वातील खरी अडचण.

उत्तरेला, ओखा बंदरासमोर, बेट द्वारका आहे. तेथे उत्तर हडप्पाकालीन वस्तीचे पुरावे निघाले. त्यांत शंखाची एक चिमुकली मुद्रा आहे. तिच्यावर तीन मुखांचा पशू कोरलेला. हरिवंशात द्वारकेच्या नागरिकांनी ओळखीसाठी मुद्रा बाळगावी, असा नियम येतो. राव यांनी ही मुद्रा त्या नियमाशी जोडली. कल्पना मोहक खरी, परंतु तीन मुखांचा पशू मोहेंजोदडोच्या मुद्रांवरही आहे. त्या मुद्रेवरून बेटाचा हडप्पा संस्कृतीशी संबंध सिद्ध होतो. श्रीकृष्णाच्या राज्याची दप्तरव्यवस्था सिद्ध होत नाही.

याच बेटाच्या पाण्यात रोमन जगातून मद्य किंवा तेल आणणाऱ्या उंच कुंभांची खापरे मिळाली आहेत. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात कच्छच्या आखाताकडच्या किनाऱ्याला ‘बराके’ म्हटले असून तेथील धोकादायक पाण्याची सूचना दिली आहे. इ. स. 574 च्या पालिताणा ताम्रपटात द्वारकेच्या अधिपतीचा उल्लेख येतो. म्हणजे बंदर होते, शंखाचा उद्योग होता, परदेशी माल होता, अधिपतीही होता. नव्हते ते नऊ हजार वर्षांचे सागरी साम्राज्य.

हे वऱ्हाडाने का मनावर घ्यावे? कारण रुक्मिणीच्या माहेरावर दुसराही दावा आहे. अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी लोक तिला आपली लेक मानतात. रोइंगजवळ भीष्मकनगर नावाचा विटांचा किल्ला आहे आणि पोरबंदरजवळच्या माधवपूरच्या जत्रेत 2018 पासून ईशान्येचे वऱ्हाड मानाने येते. यावर आपण चटकन म्हणतो, तो किल्ला तर मध्ययुगीन! बरोबर आहे. पण मग हाच प्रश्न खंभातच्या लाकडालाही विचारला पाहिजे. जावयाकडे पाहताना मोजपट्टी सैल सोडायची आणि व्याह्याकडे पाहताना ताणायची, हा न्याय नव्हे.

आणि तोच प्रश्न कौंडिण्यपूरलाही. 1960 च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथील टेकाड खणले. लोहयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे थर मिळाले. नदीकाठी शतकानुशतके नांदलेले गाव उभे राहिले. भीष्मक राजाचे नाव कोरलेला लेख मात्र त्यांत निघाला नाही. पालखी त्यासाठी कधी थांबलेली नाही.