जोड लावणारे डोळे

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव देशभर पोचलं ते 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपामुळे. त्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख लाल मातीतल्या कुस्तीसाठी ओळखला जायचा. शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढच्याच वर्षी एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. ज्या जत्रांमधल्या फडांनी मराठवाड्याला असे मल्ल दिले, तिथे एक कसब फार मोलाचं मानलं जाई: जोड लावण्याचं, म्हणजे तोडीचे दोन मल्ल समोरासमोर आणण्याचं.

फडात आठ-दहा वर्षांच्या पोरापासून कसलेल्या पैलवानापर्यंत सगळेच उतरतात. मोठ्या इनामाच्या कुस्त्या आधी नेमलेल्या असतात, बाकीच्या जागेवरच ठरतात. हलगी कडाडत असते. पंच एखाद्या पोराचा दंड धरून त्याला फडाभोवती फिरवतो. गर्दीतून कुणी सदरा काढत पुढे आलं की दोघांना शेजारी उभं करतो. उंची आणि अंगलट कुणालाही दिसते. जाणता पंच मान, मनगट आणि कान बघतो. कान मुडपून कडक झाला असेल तर पोरगं तालमीत मुरलेलं आहे. मग समोरचा थोडा जड असला तरी चालतो. वस्ताद कोण, याआधी कुणाशी लढलास, एवढं विचारून हात मिळवले जातात. जोड विजोड वाटली तर प्रेक्षक गलका करून ती मोडायला लावतात.

लहानग्यांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर, मग फेटा, मग रोख रक्कम, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती.

फडासारखेच 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्येही कुस्तीला वजनगट नव्हते. तिथे जर्मनीचा जिम्नॅस्ट कार्ल शुमान वेटलिफ्टिंगच्या विजेत्याला, लॉन्सेस्टन एलियटला, हरवून पहिला आला. वजनगट 1904 मध्ये आले. पैलवान खाशाबा जाधवांचं 1952 च्या ऑलिंपिकमधलं कांस्यपदक 57 किलो गटातलं. वजनगटांनी मोठा अन्याय टाळला, यात शंका नाही. पण काट्यावर अंग मोजलं जातं, तालमीत घालवलेली वर्षं नाहीत. ती पंचाच्या नजरेला दिसायची. त्या नजरेत कधी गावकीचा पक्षपातही शिरे, तरी तिची किंमत कमी होत नाही.

तालमीत मात्र वस्ताद मुद्दाम विजोड जोड लावतात. जड पैलवान अंग सैल सोडतो, पोराला डाव मारू देतो, आणि चूक झाली की तिथेच दाबून धरतो. बिराजदारही पुढे वस्ताद झाले आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. लातूरचेच काका पवार त्यांचे शिष्य, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे या दोघांच्याही हाताखाली शिकला आणि 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवलं.