पीआरपी म्हणजे काय? आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स तोंडातले जंतू रोखतात का?

डेंग्यू झाला की घरोघरी प्लेटलेट्सचे आकडे विचारले जातात. रक्त थांबवणं हे त्यांचं काम सगळ्यांना माहीत असतं. पण या सूक्ष्म पेशी जंतूंशीही लढतात. म्हणूनच केस आणि गुडघ्यांच्या जाहिरातींत दिसणारं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, दातांच्या दवाखान्यातही वापरलं जातं.

पीआरपी कसं तयार करतात?

रुग्णाच्या हातातून थोडं रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात आणि नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवतात. जड लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग म्हणजे पीआरपी. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीमध्ये त्या कित्येक पटींनी जास्त असतात. 1998 साली अमेरिकेतले मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्यात हाड बसवताना याचा वापर करून दाखवला. तेव्हापासून दंतवैद्यकात पीआरपीची चर्चा वाढली.

जंतूंवर परिणाम कसा होतो?

प्लेटलेट्सच्या आत बारीक कण असतात. जखम झाली की ते फुटतात आणि त्यांतून जखम भरायला मदत करणारे घटक बाहेर पडतात. सोबत जंतुरोधक प्रथिनंही येतात. त्यातली काही जंतूंच्या आवरणाला इजा करतात, तर काही पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी बोलावतात.

प्रयोगशाळेत काय दिसलं?

इटलीतल्या संशोधकांनी 2013 साली तोंडातून मिळवलेल्या जंतूंवर पीआरपी वापरून पाहिलं. रूट कॅनॉल फसलेल्या दातांत अनेकदा सापडणारा एन्टरोकोकस फीकॅलिस आणि तोंडात पांढरा थर आणणारी कॅन्डिडा बुरशी, या दोन्हींची वाढ त्याने रोखली. स्यूडोमोनास या जंतूवर मात्र उपयोग झाला नाही. हिरड्यांच्या आजाराशी जोडलेल्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसची वाढ मंदावल्याचंही इतर प्रयोगांत दिसलं आहे.

मग अँटिबायोटिकची गरज संपली का?

नाही. याची कारणं तीन.

१. पीआरपी बहुतेक वेळा जंतूंची वाढ काही काळ थोपवतं, त्यांचा समूळ नाश करत नाही.
२. तोंडातले जंतू दातांवर चिकट थर करून राहतात. काचेच्या बशीत मिळालेला निकाल तिथे तसाच मिळेल याची खात्री नसते.
३. प्रत्येकाचं रक्त आणि पीआरपी बनवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे परिणामही कमीजास्त होतो.

दाढ किडून पू झाला असेल, तर पू काढणं, रूट कॅनॉल करणं किंवा दात काढणं हाच खरा इलाज. हिरड्यांचा आजार असेल तर आधी दातांची नीट सफाई हवी. पीआरपी ही त्यानंतरची जोड आहे. दात काढल्यावरची पोकळी, इम्प्लांट किंवा हिरड्यांची शस्त्रक्रिया अशा ठिकाणी ते प्रामुख्याने वापरतात.

कोणी जपावं?

रक्त स्वतःचंच असल्याने ॲलर्जीची भीती कमी असते. तरी प्लेटलेट्स कमी असतील, रक्ताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. सुई आणि नळ्या नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हेही विचारा.

हे लक्षात ठेवा

दातदुखीसोबत ताप, जबड्याखाली किंवा मानेवर पसरणारी सूज, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास यांपैकी काही असेल, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. दातातून पसरलेला संसर्ग श्वासनलिका दाबू शकतो आणि जिवावर बेतू शकतो. अशा वेळी रील पाहून 'नैसर्गिक' उपाय शोधण्यात गेलेले काही तासही महागात पडतात.